महाडच्या मांडवामागे : कार्यसिद्धीचा एक अभ्यास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. पुण्यास हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत तो ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आहे. या हुद्द्याचा माणूस नेमके काय करतो, असे आम्ही त्यास विचारले. तो हसून म्हणाला, “सर, आईलासुद्धा मला ते अजून नीट सांगता आलेलं नाही. मी स्वतः काहीच तयार करत नाही. कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, किती पैशात करायचं, हे ठरवतो. कुठं अडलं तर ते सोडवतो. आणि सगळं नीट झालं की मी होतो हे कोणाच्या लक्षातही येत नाही.”

त्याचे शेवटचे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. इतिहासाच्या अध्यापनात आम्ही आयुष्याची तीस वर्षे घालविली. परंतु ज्यांच्यामुळे सगळे नीट झाले आणि म्हणूनच ज्यांची नावे मागे पडली, अशा माणसांविषयी आम्ही वर्गात फार थोडे बोललो, ही जाणीव त्या दिवशी झाली. स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण आपणा सर्वांच्या घरातील भिंतीवरचेच घेतले आहे.

चवदार तळ्याच्या काठी ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब हे चित्र ज्याने पाहिले नाही असा आपल्या समाजात कोणी नसेल. दिवस २० मार्च १९२७. परंतु चित्र हा एक क्षण असतो. त्या क्षणाच्या आधी दोन दिवस ती हजारो माणसे महाडात काय पीत होती, हा प्रश्न चित्र पाहताना आपल्याला पडत नाही. उत्तर असे की ती विकतचे पाणी पीत होती. अस्पृश्यांस महाडच्या कोणत्याही पाणवठ्यावर पाणी मिळत नसल्यामुळे परिषदेच्या स्वागत समितीने सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले होते. १९२७ सालचे चाळीस रुपये! ज्या तळ्यावर हक्क सांगावयाचा, त्याच गावात त्याच कारणासाठी जमलेल्यांना पाण्याचे दाम मोजावे लागले. हा तपशील विदारक आहेच. परंतु आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखीही एक गोष्ट आहे. पाणी लागेल, ते मिळणार नाही, म्हणून आधी तजवीज केली पाहिजे, याचा विचार कोणीतरी आधी बसून केला होता.

ज्यांनी हा विचार केला त्यांत रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव अग्रस्थानी घ्यावे लागेल. जन्म १९०३, महाड-दासगावच्या परिसरातील. अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने पत्रव्यवहार करून तो मिळविला होता. पुढे परिषदेची कल्पना घेऊन ते बाबासाहेबांकडे जाऊ लागले ते १९२४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी. प्रत्यक्ष परिषद भरावयास १९२७ उजाडले. मधली तीन वर्षे या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुंबई ते कोलाबा जिल्ह्यातील वाड्यावस्त्या अशा खेपा घातल्या, सभा घेतल्या, वर्गणी व धान्य गोळा केले. मोरे पुढे साम्यवादी पक्षात गेले. त्यामुळे असेल, आपल्या जयंतीच्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच येते. आम्हांस हे योग्य वाटत नाही.

कामामागे योग्य वेळ साधणेही होते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, तळ्यावर कोणी गेले नव्हते. म्हणजे परिषदेने काही नवी मागणी केली नाही. जो हक्क कागदावर मिळाला होता तो पायांनी चालत जाऊन घेतला. स्थळ निवडतानाच निम्मे काम झाले होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस अनुकूल होते. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे अनंतराव चित्रे आणि ग. नी. सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातील सहकारी सोबत होते. परिषदेच्या अखेरीस तळ्यावर जाण्याचा विषय मांडला तो चित्र्यांनीच. आमच्या माजी विद्यार्थ्याच्या भाषेत या सर्वांना ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात. शब्द नवा आहे. कोणाचे बळ कोठे लावावे हे ओळखण्याची कला जुनी आहे.

आता ‘प्रभाव’ या शब्दाकडे वळू. कोणतेही कार्य करणाऱ्या माणसांच्या मागे त्यांना घडविणारे काही असते. महाडच्या बाबतीत ते काय होते? एक तर सैन्य. कोकणातील महारांची लष्करातील परंपरा मोठी होती आणि महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिकच होते. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या सुभेदार-हवालदारांना रांग, वेळ आणि हुकूम या तीन गोष्टी ठाऊक होत्या. २० मार्चला हजारो माणसे शिस्तीने, रांगेने तळ्यापर्यंत चालत गेली, ती शिस्त एका दिवसात आलेली नव्हती. दुसरी गोष्ट शिक्षण. बाबासाहेबांचे कोलंबिया आणि लंडनमधील शिक्षण सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२३ मध्ये परत आल्यावर त्यांनी पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले, हे ध्यानात घ्यावे. सभा, पदाधिकारी, कचेरी, वसतिगृह आणि मग महाड, असा हा क्रम आहे.

आणि तिसरा प्रभाव आपल्या मातीतला. महाडच्या बरोबर सात वर्षे आधी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, आपल्याच जिल्ह्यात माणगाव येथे परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, उपस्थित राजर्षी शाहू महाराज. बाबासाहेबांचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस-एकोणतीस. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाले होते आणि त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मोठ्या परिषदेचे अध्यक्षपद कसे सांभाळावे याचा एक वस्तुपाठ माणगावात मिळाला, असे आम्ही मानतो.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ‘मूकनायक’ सुरू झाल्यावर काही महिन्यांतच बाबासाहेब उर्वरित शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ते पत्र बंद पडले. महाडनंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेले ‘बहिष्कृत भारत’ हेही १९२९ च्या पुढे चालू शकले नाही. त्याचे बहुतेक लेखन बाबासाहेब एकट्यानेच करीत. ज्या महामानवाने महाड यशस्वी केले त्यांनाही पैसा आणि माणसे यांच्या अभावी दोन पत्रे थांबवावी लागली. यात त्यांचा कमीपणा नाही. एकाच माणसाच्या खांद्यावर सगळे काम राहिले तर तो माणूस कितीही थोर असला तरी काम अडते, हे यातून दिसते. वाचकांपैकी ज्यांनी मंडळे, संस्था चालविल्या आहेत त्यांस अधिक सांगणे नको.

महाडच्या मार्चमधील परिषदेतही एक गोष्ट अनपेक्षित घडली. पाणी पिऊन लोक मांडवात परतले, काही जण जेवत होते, काही गावी निघण्याची बांधाबांध करीत होते. एवढ्यात, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि मांडवावर हल्ला झाला. अन्न मातीत मिसळले गेले, माणसे जखमी झाली, काहींना मुस्लिम घरांतून आसरा घ्यावा लागला. चिडलेले लोक बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी हात उगारू दिला नाही. तो प्रसंग निभावला.

आमच्या मते महाडचा खरा धडा मात्र या मार्चमध्ये नाही. तो मार्च आणि डिसेंबर यांच्या मधल्या नऊ महिन्यांत आहे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला आणि डिसेंबरच्या २५ तारखेपासून सत्याग्रह करण्याचे ठरले. डिसेंबरची तयारी पाहिली की कळते, मार्चमधील प्रत्येक घाव कोणीतरी मोजून ठेवला होता. मांडवासाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नामक मुस्लिम गृहस्थांची जागा मिळविण्यात आली. महाडचे व्यापारी जिन्नस विकणार नाहीत हे धरून धान्य बाहेरून आणले गेले. शिस्तीचे काम सुभेदार घाटगे यांच्यावर सोपविले. मुंबईहून येताना धरमतर बंदर जवळ पडले असते. परंतु तेथील मोटारवाले बहिष्कार घालतील ही शक्यता लक्षात घेऊन ‘पद्मावती’ बोटीने लांबचा समुद्रमार्ग पत्करून दासगावला उतरण्याचे ठरले, आणि तेथून पुढे पायी. मार्चमध्ये जेथे जेथे आपण दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होतो, तेथे तेथे डिसेंबरमध्ये पर्याय तयार होता. ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ’ असे आपण सारेच म्हणतो. येथे ती काळजी खरोखर घेतलेली दिसते.

एवढी तयारी झाली आणि १४ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. तळे खाजगी असल्याचा दावा काही सवर्ण गृहस्थांनी लावला होता. आता पेच पहा. माणसे निघालेली, धान्य भरलेले, मांडव उभा. परिषद भरली. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले, सहस्रबुद्धे यांनी त्याचा ठराव मांडला होता. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहासाठी नावे नोंदविण्यास सांगितले तर चार हजारांच्या आसपास लोकांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. अशा वेळी कोणत्याही पुढाऱ्यास पुढे जाण्याचा मोह होईल. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याची सूचना केली. सरकारशी नव्हे, सनातन्यांशी आपला लढा आहे आणि तो आता न्यायालयात आहे, ही भूमिका त्यांनी लोकांस समजावून दिली. २७ तारखेला तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी स्पर्श केला नाही.

अनेकांची निराशा झाली असणार. आम्हांसही विद्यार्थिदशेत हा भाग वाचताना खट्टू व्हायला झाले होते. आज पन्नाशी उलटल्यावर मत बदलले आहे. हाती चार हजार माणसे असताना थांबणे, आणि थांबूनही ती माणसे आपल्यापासून तुटू न देणे, याला जे लागते ते कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविले जात असेल असे वाटत नाही. तात्पुरता मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्येच उठला. मूळ दावा मात्र चालत राहिला. खालच्या न्यायालयात १९३१ मध्ये जिंकला, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये जिंकला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. बोले ठरावापासून मोजले तर चौदा वर्षे. इतकी वर्षे तारखा लक्षात ठेवणे, कागद जपणे, साक्षी-पुरावे उभे करणे हे काम चालू होते. त्याचे चित्र कोणी काढलेले नाही.

श्रेयाविषयी एक गोष्ट ओघात सांगावीशी वाटते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बी. एन. राव यांचे, मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचे आणि त्यांच्या हाताखालील कर्मचाऱ्यांचे नावानिशी वा उल्लेखाने ऋण मान्य केले. हे कर्मचारी कधी मध्यरात्रीनंतरही काम करीत, हेही सांगितले. मसुदा समितीचा बहुतांश भार ज्यांनी एकट्याने वाहिला असे सभेतील सहकारीच सांगत होते, त्यांनी हे केले. आपल्या मंडळांत वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या मुलाचे नाव फलकावर कधी आले आहे काय?

आता विषय आपल्या दाराशी आणू. आपल्या तालुक्यात फिरताना, मलकापूर सोडून आंब्याकडे जा की वारणेच्या बाजूला उतरा, अर्धवट राहिलेली समाजमंदिरे आणि विहारे आपणास दिसतात. पायाचा जांभा दगड शेवाळलेला, खांबांतून वर आलेल्या सळ्या गंजलेल्या. पैसे जमले नाहीत असे नेहमीच नसते.

वीसएक वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका वस्तीत ग्रंथालयाच्या खोलीसाठी पुढाकार घेतला होता. १४ एप्रिलला भूमिपूजन करण्याचा आग्रह आमचाच. शाहूवाडीचा पाऊस आम्हांस जन्मापासून ठाऊक; तरी एप्रिलच्या मध्याला काम सुरू केले म्हणजे हाती जेमतेम दीड महिना उरतो, हा साधा हिशेब आम्ही केला नाही. जूनमध्ये पाया पाण्याखाली गेला. सिमेंटची पोती ज्या पडवीत ठेवली होती ती गळत होती. सर्वांत वाईट ते पुढे. वर्गणीची वही एका ज्येष्ठ धम्मबांधवाकडे होती. ते आजारी पडून गेले आणि वही काही सापडली नाही. एका पैशाचाही गैरव्यवहार झाला नव्हता, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. परंतु सांगणे वेगळे आणि दाखविणे वेगळे. दिवंगत माणसाच्या मुलाकडे लोक संशयाने पाहू लागले. त्याने वस्तीतल्या कार्यक्रमांना येणे सोडले. वहीची दुसरी प्रत ठेवावी असे आम्हांस, इतिहासाच्या पदवीधरास, ज्याने कागदपत्रांवर दोन वर्षे अभ्यास केला त्यास, सुचले नाही. खोली पुढे कधीतरी ग्रामपंचायतीच्या निधीतून झाली. तो मुलगा अजून आमच्याशी मोजकेच बोलतो.

या अनुभवानंतर आम्ही राधानगरीच्या धरणाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. भोगावतीवरील या धरणाचा संकल्प शाहू महाराजांनी १९०७ मध्ये केला. एका लहान संस्थानाच्या खजिन्यास न झेपणारे ते काम होते आणि महाराजांच्या हयातीतच पैशाअभावी ते थांबले. १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात. मग तेही आपल्या समाजमंदिरांसारखे रखडलेले कामच म्हणावयाचे काय? नाही. कारण जेवढी उंची झाली होती तेवढे पाणी त्यात साठत होते आणि पुढच्यांनी नेमके त्याच भिंतीवर काम चढविले. काम अशा ठिकाणी थांबले की जेथे ते उपयोगी पडत होते. आज पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठची गावे सावध होतात. आमच्या ग्रंथालयाचे भूमिपूजन करण्याऐवजी आधी कोणाच्या तरी सोप्यात दोन कपाटे आणि एक वही मांडली असती तर? हा विचार अजून सतावतो.

विद्यालयातील मुलांस हे सगळे सांगून भागत नाही, हे शिक्षक म्हणून आम्ही जाणतो. म्हणून अलीकडे भीमजयंतीची व्यवस्था नववीच्या मुला-मुलींकडे दिली जाते. कामांची वही त्यांनीच करावयाची. दोन प्रती, एक वसतिगृहात आणि एक कार्यालयात. सुरुवातीस मुले पहिल्या पानावर भाषणे, नाटिका, सजावट असे लिहीत. एका वर्षी एका मुलीने, महाडचा पाठ झाल्यावर, वही उलटी धरली आणि शेवटच्या पानापासून लिहावयास घेतले. तिची पहिली ओळ होती : पिण्याचे पाणी, किती लागेल, कोण आणणार, टाकी बिघडली तर काय. त्यापुढे दोन नावे आणि वेळ. त्या वर्षी दुपारी साडेबाराला टाकीची मोटर खरोखरच बिघडली होती. बाहेरून आलेल्या पालकांपैकी कोणालाही ते कळले नाही.